वाचकांचे प्रश्न : हायस्कूलच्या बँडमध्ये नाव घालताना

प्रश्न : आम्ही डॅलसच्या उपनगरात राहतो. आमचा मुलगा सहावीपासून शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो आणि येत्या ऑगस्टमध्ये नववीत जाईल. हायस्कूलमध्ये बँड घेतला, तर मैदानावर चालत वाजवणाऱ्या मार्चिंग बँडमध्येही उतरावे लागेल, असे शाळेने कळवले आहे. शनिवारचा तबल्याचा वर्ग, मंडळाचा गणेशोत्सव आणि अभ्यास यांचा मेळ कसा घालावा? बँडमुळे वर्गातला क्रमांक खाली येईल, अशी त्याच्या वडिलांना भीती वाटते. मुलगा मात्र बँड सोडायला मुळीच तयार नाही. — एक आई, टेक्सास

उत्तर : आपल्या यजमानांची भीती निराधार नाही, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. टेक्सासमध्ये 1997 सालच्या कायद्यामुळे वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांतील विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठाची मर्यादा तर त्याहूनही कडक आहे; त्यामुळे तिथे क्रमांकाला फार महत्त्व आले आहे. एपी (कॉलेजच्या पातळीच्या) किंवा ऑनर्स (वरच्या पातळीच्या) विषयांच्या गुणांना अधिक भार मिळतो आणि बँडच्या तासाला बहुधा साधाच भार मिळतो. सारे गुण उत्तम असूनही, चार वर्षे बँड घेणाऱ्या मुलाची भारित सरासरी त्यामुळे थोडी खाली येऊ शकते. मात्र हा नियम प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, वेगळा असतो. काही ठिकाणी कलाविषय क्रमांकाच्या हिशेबातच धरत नाहीत, तर काही शाळा वरच्या बँडला ऑनर्सचा भार देतात. म्हणून ऐकीव माहितीवर निर्णय न घेता शाळेच्या काउन्सेलरना भेटून आपल्या डिस्ट्रिक्टचा नियम लेखी मागून घ्यावा. त्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारावी. हायस्कूल पूर्ण करण्यासाठी तिथे कलाविषयाचे एक क्रेडिट घ्यावेच लागते, ते बँडमुळे पूर्ण होते; शिवाय मार्चिंगचा हंगाम शारीरिक शिक्षणाच्या क्रेडिटमध्ये धरण्याची सोय पुष्कळ शाळांत असते. असे झाले, तर वेळापत्रकातला जो तास बँडने घेतला असे वाटत होते, तो दुसरीकडून परत मिळतो.

आता वेळेविषयी. मार्चिंग बँडचा भार वर्षभर सारखा नसतो. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या आरंभी बँड कॅम्प सुरू होतो, शाळा उघडल्यावर सकाळी किंवा दुपारी तालीम असते, शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराचा कार्यक्रम असतो, आणि ऑक्टोबरमधले बरेचसे शनिवार स्पर्धांत जातात. फुटबॉलचा हंगाम सरला की संध्याकाळ पुष्कळशी मोकळी होते आणि बँड सभागृहात बसून वाजवणाऱ्या कॉन्सर्ट बँडच्या रूपात पुढे चालू राहतो. शालेय आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेर एका उपक्रमाची तालीम आठ तासांहून अधिक घेता येत नाही, असा टेक्सासचा नियम आहे. तरीही वर्गातली तालीम, सामना आणि बसचा प्रवास मिळवला, तर हंगामातला आठवडा भरगच्च असतो, हे मान्य करूनच पुढे जावे. अभ्यासावर एक अंकुश कायद्यानेच ठेवलेला आहे : 1984 पासून तिथे एखाद्या विषयात 70 पेक्षा कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला काही आठवडे स्पर्धेत आणि सामन्याच्या कार्यक्रमात उतरता येत नाही, तालमीला मात्र आता येता येते. बहुतेक बँड डायरेक्टर त्यामुळे मुलांच्या गुणांवर पालकांइतकीच बारीक नजर ठेवून असतात.

आपल्या पत्रातला खरा कठीण प्रश्न मला गणेशोत्सवाचा वाटतो. गणपती बहुधा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात येतात आणि मंडळांचे दिवाळीचे कार्यक्रम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शनिवारी असतात. म्हणजे आपले सणांचे दिवस आणि बँडचा हंगाम एकमेकांवर अगदी बरोबर येऊन बसतात. मैदानावरची रचना कशी चालते, हे पालकांनी एकदा समजून घ्यावे. बहुतेक शाळांत एक पाऊल साडेबावीस इंचांचे, म्हणजे पाच यार्डांत आठ पावले, असे मोजून शिकवतात, आणि कार्यक्रमातल्या प्रत्येक आकृतीसाठी प्रत्येक मुलाला स्वतःची नेमकी जागा दिलेली असते. सभागृहात एक क्लॅरिनेट कमी असली, तर बाकीचे सांभाळून नेतात. मैदानावर मात्र ती जागा रिकामी दिसते आणि शेजारच्या मुलांचे अंतरही चुकते. म्हणून आयत्या वेळी दांडी मारणे इथे इतर उपक्रमांपेक्षा अधिक जड जाते. उपाय साधा आहे. हंगामाचे वेळापत्रक उन्हाळ्यातच मिळते. ते हातात येताच मंडळाच्या तारखा शेजारी मांडाव्यात, घरच्या प्राणप्रतिष्ठेसारखा न टाळता येणारा दिवस असेल, तर डायरेक्टरना तेव्हाच लेखी कळवावे आणि बाकीचे दिवस बँडला द्यावेत. वेळेवर कळवलेली धार्मिक कारणाची एका दिवसाची सुटी आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री पाठवलेला निरोप यांत डायरेक्टरच्या दृष्टीने फार अंतर असते.

तबला कृपा करून बंद करू नये. गुरुजींशी बोलून तीन महिन्यांपुरता वर्ग रविवारी हलवावा.

माझे मत विचाराल, तर मुलाला बँड घेऊ द्या. तीन वर्षे नेटाने एक वाद्य वाजवून ज्याला ते पुढेही वाजवायचे आहे, त्याला केवळ क्रमांकाच्या धास्तीने थांबवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय नववीतल्या मुलाला शाळेचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच कॅम्पमध्ये वरच्या वर्गांतली मुले ओळखीची होतात. मोठ्या शाळेत नव्याने जाणाऱ्या मुलासाठी हे मला फार मोलाचे वाटते. पहिले वर्ष पूर्ण करू द्यावे आणि पुढचा विचार वसंतात, विषय निवडण्याच्या वेळी करावा. हंगामाच्या मध्यावर मात्र बाहेर काढू नये. कॅम्पमध्ये टेक्सासचे कडक ऊन असते, तेव्हा पाण्याचा मोठा जग, टोपी आणि चांगले बूट आधीच घ्यावेत आणि जुलैत रोज संध्याकाळी चालण्याची सवय लावावी. घरी मांसाहार होत नसेल, तर स्पर्धांच्या दिवशी जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या पालकांना तसे आधीच सांगावे.

प्रश्न : मावशी, मी मागच्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीला आले. तबल्याची प्रवेशिका पूर्ण झाली आहे आणि मंडळाच्या पथकात ताशा वाजवते. मला पुढच्या वर्षी शाळेच्या बँडमध्ये जायचे आहे, पण मला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचे पाश्चात्त्य संगीतलेखन) वाचता येत नाही. बाकीची मुले पाचवी-सहावीपासून वाजवत आहेत. मला घेतील का? — एक विद्यार्थिनी, न्यू जर्सी

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. पुष्कळ शाळांत उशिरा येणाऱ्या मुलांसाठी वाट असते, पण ती शोधायला तुला स्वतः डायरेक्टरना भेटावे लागेल, आणि तेही आताच, कारण ड्रमलाइनच्या (मार्चिंग बँडमधल्या ड्रमवादकांच्या गटाच्या) चाचण्या बहुधा वसंतात होतात. जाताना काय येते ते मोकळेपणाने सांग आणि काय येत नाही तेही सांग.

तुझी लय तयार आहे, हात मात्र नव्याने तयार करावे लागतील. तबल्याचा बोल बोटांतून निघतो, स्नेअर ड्रमवर काठीला उसळू देऊन ती आवरायची असते. ताशामुळे तुला काठीची ओळख आहे, ही जमेची बाजू. पण पथकात जोर महत्त्वाचा असतो, तर ड्रमलाइनमध्ये सगळ्यांच्या काठ्या सारख्याच उंचीवर उचलल्या जाव्या लागतात. तिथे तबल्यातल्या कायद्यांसारखे पक्के करायचे 40 मूलभूत प्रकार आहेत. त्यांतला एक, पॅराडिडल, आजपासूनच मांडीवर वाजव : उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. मेट्रोनोम लावून, अगदी विलंबित लयीत.

खरी अडचण दुसरीकडे येईल. आपण तालाच्या आवर्तनात राहतो आणि समेवर येतो. बँडमध्ये कधी कधी सोळा मात्रा नव्हे, सोळा मापे (एकेका मापात अनेक मात्रा) गप्प राहून, मनात मोजत, नेमक्या ठोक्याला आत यावे लागते. ही शांतता मोजण्याची सवय झाली की तालाचे नोटेशन तू काही आठवड्यांत वाचू लागशील, कारण दुगुन, तिगुन, चौगुन तुला माहीत आहेच. मैदानाच्या पुढच्या बाजूला उभे राहून वाजवायच्या मारिंबा, झायलोफोन या वाद्यांना स्वरांचेही वाचन लागते आणि तिथे षड्ज आपल्या सोयीने हलवता येत नाही, म्हणून त्याला अधिक वेळ दे. पहिल्या वर्षी झांजा किंवा बास ड्रम मिळाला, तर आनंदाने घे. प्रत्येक बास ड्रमच्या वाट्याला ओळीतले थोडेच ठोके येतात, आणि ते चुकले तर पूर्ण ओळ तुटते. तुझ्यासारख्या लयदार मुलीची तिथे खरी गरज असते. आणि कानांत वादकांसाठीचे इअरप्लग घालायला विसरू नकोस, पथकातसुद्धा.

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक हायस्कूलने बँडसाठी मोठी रक्कम मागितली आहे. ती भरणे सक्तीचे आहे का? — एक वडील, बे एरिया

उत्तर : नाही. शाळेच्या अभ्यासेतर उपक्रमांसाठीही शुल्क लावणे राज्यघटनेत बसत नाही, असा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1984 चा निर्णय आहे, आणि पुढे 2012 मध्ये त्यासाठी तक्रारीची पद्धतही कायद्याने ठरवली गेली. शाळा देणगी मागू शकते. ती दिली नाही म्हणून मुलाला वगळू शकत नाही. तरीही ज्यांना परवडते त्यांनी द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण बसभाडे आणि जादा प्रशिक्षकांचे मानधन बहुतेक ठिकाणी याच पैशांतून निघते. जेवढे झेपेल तेवढे द्यावे आणि स्पर्धेच्या दिवशी साहित्य हलवायला किंवा मुलांना पाणी द्यायला पालक लागतात, तिथे नाव नोंदवावे. वाद्य लगेच विकत घेऊ नये. ट्यूबा, बॅरिटोन सॅक्सोफोन अशी मोठी वाद्ये बहुधा शाळेचीच असतात आणि क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांसारखी लहान वाद्ये दुकानांत मासिक भाड्याने मिळतात; भाड्यातली काही रक्कम पुढे खरेदीत वळती होते का, हे करार करतानाच विचारून घ्यावे.