तालुक्याच्या गावी वादकांनी मिळून संगीतशाळा काढली, तर ती चालेल का?

आपण विचारले आहे की बँडमधले दोन वादक, एक पखवाजी आणि एक पेटीवाले असे आपण चौघे मिळून शिरपूर भागात मुलांसाठी संगीतशाळा काढू पाहत आहात, तर नोंदणी, जागा आणि फी यांपैकी आधी काय ठरवावे. मी अमळनेर तालुक्यात अशाच एका शाळेत पेटी व गायन शिकवतो आणि तिच्या कार्यकारी मंडळातही आहे. माझ्या मते या तिन्हींच्या आधी शिकवणाऱ्यांचे वर्षभराचे वेळापत्रक ठरवावे, कारण खान्देशातल्या अशा बहुतेक शाळा पैशाअभावी नव्हे, तर मास्तर वर्गावर नसल्यामुळे बंद पडतात.

वादकाचे घर लग्नाच्या तिथींवर चालते. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत तर एकाच दिवशी दोन-दोन गावांची बोलावणी असतात. नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी असते, पालक उत्साहाने चौकशी करतात आणि नवी मंडळी हमखास ‘उन्हाळी वर्गा’ने शाळेचा मुहूर्त करतात. वर्ग भरतो, पण शिकवणारा वरातीत असतो. त्याऐवजी जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रवेश द्यावेत आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतचा चातुर्मास हाच आपला मुख्य शिकवणीचा काळ मानावा. लग्ने नसल्याने वादक गावातच असतो, त्याच्या हाताला कामही कमी असते आणि मुलांचा दिनक्रमही ठरलेला असतो. गणपती व नवरात्राचे दिवस सोडावे लागतील, ते सोडावेत. पुढे कापूस वेचणी सुरू झाली की शेतकऱ्यांची मुले गळतात. त्या आठवड्यांत नवीन पाठ न देता फक्त उजळणी ठेवावी. प्रत्येक विषयाला दोन शिक्षक असावेत आणि कोणते पलटे (स्वरांचे सरावाचे क्रम), कोणता ठेका, कोणत्या लयीपर्यंत झाला, हे वर्गाच्या वहीत त्याच दिवशी लिहिले जावे, म्हणजे एक जण सुपारीला गेला तरी दुसरा तिथूनच पुढे शिकवू शकतो.

‘पहिले वर्ष आम्ही फुकट शिकवू’ असे आपण आज म्हणाल आणि मनापासून म्हणाल, तरीही तसे करू नये. तासाप्रमाणे मानधन, कितीही थोडे असले तरी, संस्थापकांसह सर्वांना द्यावे; मानधन घेणाऱ्याला गैरहजेरीबद्दल विचारता येते, सेवा करणाऱ्याला विचारणे अवघड जाते. मात्र कार्यकारी मंडळावरील व्यक्तीने मानधन घ्यायचे असेल, तर तशी तरतूद संस्थेच्या नियमावलीत आरंभीच जाणकार वकिलाकडून लिहून घ्यावी.

नोंदणीचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात, म्हणजे चौघांना आणखी तिघे शोधावे लागतील, आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद करावी लागते. ते तिघे वादक नसावेत. एखादे निवृत्त बँक कर्मचारी खजिनदार म्हणून मिळाले, तर दर वर्षीचे लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात द्यावयाचा फेरफार अहवाल या दोन गोष्टी वेळेवर होतात. वादकांच्या हाती हिशेब राहिला, तर रियाजही बिघडतो आणि हिशेबही.

जागेसाठी कर्ज काढण्याचा विचार असेल, तर विष्णु दिगंबर पलुस्करांचे उदाहरण आठवावे. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून घराण्याच्या भिंतींआडचे शिक्षण सर्वांसाठी खुले करणारे आणि 1908 मध्ये मुंबईत शाखा उघडणारे पंडितजी. परंतु मुंबईतल्या इमारतीच्या कर्जापायी तिचा लिलाव झाला. आपल्याला संध्याकाळी रिकामी असलेली जिल्हा परिषद शाळेची खोली किंवा वाचनालयाचे सभागृह पुरे आहे. मंदिराचा सभामंडप सहज मिळतो, हे खरे. पण आपल्याकडच्या बँडमध्ये मुसलमान वादक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मुलांनीही निःसंकोच यावे असे वाटत असेल, तर शाळेची खोलीच बरी.

वाद्यांत तबल्याला जपावे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की चामडे सुकून पुडीचा, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या चामड्याचा, सूर चढतो आणि श्रावणात ओल धरून तोच उतरतो, म्हणून हातोडीने सूर लावणे मुलांना पहिल्या वर्षीच शिकवावे. प्रत्येक वेळी तबला जळगाव-धुळ्याला दुरुस्तीला पाठवणे परवडत नाही. पालक कॅसिओचा आग्रह धरतील. तो नाकारू नये, पण सुरुवात पेटीवर आणि गळ्यावर करावी.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना मुले अवश्य बसवावीत, अभ्यासक्रम आयता मिळतो. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मात्र नववीत अचानक गर्दी होते. त्या गर्दीला वेगळा वर्ग द्यावा, नाहीतर सगळी शाळाच परीक्षेच्या रागांपुरती उरते. आपल्या भागात शिकवण्याजोगे याहून पुष्कळ आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाईची अहिराणी गाणी म्हणणाऱ्या आजीबाई प्रत्येक गल्लीत आहेत, ‘वही’ हा खान्देशी लोकगायनाचा प्रकार गाणारी मंडळी अजून भेटतात, सातपुड्यात पावरी हे आदिवासींचे फुंकून वाजवायचे वाद्य वाजते. या माणसांना पाहुणे म्हणून एक दिवस बोलावून नारळ-शाल देण्यापेक्षा इतर शिक्षकांच्याच दराने मानधन देऊन चार-सहा तास शिकवायला लावावे. आपले बँडवाले त्या चाली कानाने लगेच उचलतील आणि मुलांना स्वरलिपीत लिहून देतील.

फी महिन्याला मागाल तर मजुरी करणारे पालक देऊ शकतील, पण शेतकरी पालकाच्या हातात पैसा कापूस विकल्यावरच येतो, तेव्हा त्यांच्यासाठी वर्षाची फी दिवाळीनंतर एकदाच घेण्याची सोय ठेवावी आणि तोवरच्या मानधनापुरती रक्कम वर्ग सुरू होण्यापूर्वीच गावातून वर्गणी करून बँकेत ठेवावी.