मोड आले का?

प्रिय सानू,

फ्रिजवर चिकटवलेली तुझी चिठ्ठी वाचली. "आई, तू मटकीला फडक्यात बांधून ओव्हनमध्ये का झोपवतेस? आणि आजी फोनवर माझ्याआधी मटकीची चौकशी का करते?" दुसऱ्या प्रश्नातला रुसवा पोचला. पण आधी पहिल्याकडे येते.

कोरडी मटकी मेलेली नसते, झोपलेली असते. प्रत्येक दाण्यात एक इवलासा कोंब असतो आणि त्याच्यासोबत दिलेली शिदोरी. पण ही शिदोरी त्याला लगेच खाता येत नाही. तिच्यात मुख्यतः पिष्ट, म्हणजे स्टार्च असतं: साखरेच्या कड्यांची लांबच लांब साखळी. ती तोडल्याशिवाय कोंबाच्या काही उपयोगाची नाही. रात्री भिजत घातलं, दाण्यात पाणी शिरलं, की ती तोडणारी मंडळी जागी होतात. तुमच्या सायन्सच्या वर्गात त्यांना एन्झाइम म्हणतात, माझ्या शाळेच्या पुस्तकात 'विकर' होतं.

आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवतो? सुपारी कातरून झाली तरी तो होता तसाच राहतो, पुढच्या सुपारीला तयार. विकरांचंही तसंच, काम करून ती संपत नाहीत. फक्त हे अडकित्ते भलतेच हट्टी. पिष्ट तोडणारं विकर प्रथिनाला हात लावणार नाही. एमिल फिशर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली होती. तुझ्या लाळेतही पिष्ट तोडणारं विकर आहे. आज पोळीचा घास गिळू नकोस, मिनिटभर नुसता चावत राहा. हळूहळू गोड लागेल.

हे विकर नेमकं असतं कशाचं, यावर बरीच वर्षं भांडणं झाली. १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स समनर यांनी जॅक बीनच्या दाण्यांतून एका विकराचे स्फटिक वेगळे केले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. (जॅक बीन म्हणजे आपल्या अबईच्या शेंगांची चुलत बहीण. म्हणजे इथेही कडधान्यच!) समनर मूळचे डावखुरे, आणि डावा हात सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात गेलेला. सगळे प्रयोग उजव्या हाताने. बरीच वर्षं बड्या लोकांनी त्यांचं मानलं नाही. नोबेल मिळालं १९४६ मध्ये.

प्रथिन म्हटलं की उष्णतेचं भय आलंच. अंड्याचा पांढरा बलक एकदा शिजला की पुन्हा पातळ होतो का? विकराची घडीही तशीच मोडते, आणि घडी मोडली की अडकित्ता बोथट. गेल्या महिन्यात बाबांनी आत न बघता पिझ्झासाठी ओव्हन तापवला होता, आठवतंय ना? त्या मटकीला मोड येणं शक्यच नव्हतं. उलट थंडीत विकरं मरत नाहीत, पण पेंगतात. म्हणून ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. तेवढ्या उबेत त्यांचं छान चालतं. आणि फडकं अशासाठी, की मोड येताना दाणे श्वास घेतात. घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडले तर आंबूस वास मारतो.

मग शेवटी उसळ शिजवायचीच, तर एवढा खटाटोप कशाला? कारण तोवर बरंचसं काम उरकलेलं असतं. कडधान्यांत काही साखरा अशा असतात, की त्या तोडणारं विकर आपल्या पोटात नाहीच. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथल्या जिवाणूंची मेजवानी होते आणि मग... तुला माहीत आहे काय होतं ते, हसू नकोस. मोड येताना यातल्या बऱ्याच साखरा मटकी स्वतःच तोडून वापरते. शिवाय लोह अडवून धरणारं फायटेटही कमी होतं. आजी 'वातूळ' म्हणते तिला यातलं रसायन माहीत नाही, पण न भिजवलेली मटकी तिने कधी चुलीवर चढवली नाही.

आता तिच्या चौकशीचं. साताऱ्यात उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, आपल्याकडे कॅनडात, एडमंटनला जानेवारीत दोन-दोन दिवस लागतात. उणे पंचवीस म्हटलं तर तिला काही अंदाज येत नाही. "अजून नाही आले" म्हटलं की ती लगेच विचारते, "पोरीला स्वेटर घातलास ना?"

संध्याकाळी तिचा फोन येईल. गाठोडं दर तासाला उघडू नकोस. सहा वाजता एकदाच बघ, आणि किती बोटं मोड आले ते तूच सांग.

तुझी,
आई