संगीत नाटकात पात्राचा स्वभाव गाण्यातून खरंच कळतो, की गाणं नुसती भावना वाढवतं?

कळतो. पण तुम्ही विचारताय गाण्याबद्दल आणि मी सांगणार पेटी-मृदंगाबद्दल. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रांत मी दशावताराला, म्हणजे आमच्या कोकणातल्या पौराणिक लोकनाट्याला, पेटी वाजवतो, आणि आम्हाला कोणी काही विचारत नाही.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीत, ठरतं, संवाद उभ्याउभ्या सुचतील तसे. मग राक्षसाचा माज, राजाचा धीर लोकांना आधी कशातून कळतो? मृदंगातून. राक्षस येताना झांज-मृदंग अंगावर धावून येतात, राजाला तोच मृदंग ठाय, म्हणजे संथ चालीत आणतो. तो बाकड्यावर बसून तोंड उघडेपर्यंत गावाने त्याला जोखलेलं असतं.

माझा मावसभाऊ मुंबईत नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेला. त्याचं म्हणणं, पात्र नट उभं करतो, तुम्ही नुसती साथ करता. एका जत्रेत हरिश्चंद्राचं आख्यान होतं आणि हा पुढेच बसलेला. तारामती करणारा आमचा स्त्रीपार्टी (बायकांच्या भूमिका करणारा पुरुष नट) एरवी काळी चारमध्ये, म्हणजे उंच पट्टीत गातो, पण रोजच्या नाटकांनी त्याचा गळा पार बसला होता. रोहिदासाच्या शोकाआधी पदर सावरायच्या निमित्ताने पेटीकडे वळून पुटपुटला, "आज माका वर जमाचा नाय, खाली घे." मी खालच्या पट्टीत, काळी एकवर आलो. मृदंगवाल्याला डोळ्याने खुणावलं, त्याने हात मांडीवर ठेवले. झांजही बंद. मी नुसता सा धरून ठेवला. तारामतीने एक ओळ म्हटली, दुसरी अर्ध्यावर सोडली, उरलेलं बोलून टाकलं. ती अर्धी ओळ मी पेटीवर पुरी केली नाही. बोटं शिवशिवत होती, तरी नाही. याचा मला आजही अभिमान आहे. इतर रात्री टाहो फोडणारी तारामती त्या रात्री रडून रडून कोरडी पडलेली बाई झाली. आई तीच, स्वभाव वेगळा. हरिश्चंद्र स्मशानाचा कर मागायला पुढे आला तेव्हा मृदंगावर एकच थाप पडली, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मावसभाऊ नंतर म्हणतो, "काय संयत अभिनय!" संयत कसला, गळा बसला होता त्याचा!

त्याला मी 'कट्यार काळजात घुसली' (1967) हे संगीत नाटक ऐकवलं. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी त्यात दोन प्रतिस्पर्धी गायकांसाठी एकच पद दोन चालींत बांधलंय. पंडितजींचं संथ, शब्द कुरवाळणारं. खाँसाहेबांचं चपळ, चढाई करणारं. अक्षर बदललेलं नाही, तरी दोन माणसं वेगळी कळतात. चाल काढून घ्या आणि नुसत्या अभिनयाने हे करून दाखवा म्हटलं. विषय बदलला त्याने.

भावना वाढवण्याचं म्हणाल तर तेही होतं, पण ते सोपं काम आहे. शोकाच्या प्रसंगात ताना घेऊन वन्समोअर मिळवणारा गायकही भावना वाढवतो, फक्त ती पात्राची नसते, त्याच्या गळ्याच्या कौतुकाची असते.

आता हेही खरं की लिहिलेल्या संगीत नाटकात चाल आधीच बांधलेली असते, पेटीवाल्याला एवढी मोकळीक नसते. आणि संवाद बुडवणारे पेटीवाले आमच्यातही आहेत, ढिगाने. तरीसुद्धा नाट्यशिबिरात सगळे दिवस अभिनयाला आणि पेटीला एक दुपार, हे मला पटत नाही. मावसभावाच्या शिबिरात तर ती दुपारही नव्हती.