दुसरा धागा तुकड्यातुकड्यात का बनतो?

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. डीएनएची कॉपी होताना एक धागा सलग बनतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यात. का, तर पॉलिमरेज, म्हणजे कॉपी बनवणारं एन्झाइम, एकाच दिशेने चालतं, नोट्समध्ये एवढंच आहे. मग उलटं चालणारं एन्झाइम का नाही झालं? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: अगदी मुळात हात घातलास बघ. नवीन न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएचं एक अक्षर, येतं ते स्वतःचे तीन फॉस्फेट घेऊन, जोडलं जाताना त्यातले दोन सुटतात आणि त्यातूनच जोडणीची एनर्जी मिळते. आता समज पॉलिमरेज चुकलं, टी ऐवजी सी बसला, तर ते थांबतं, टोकावरचं ते अक्षर कापून टाकतं आणि बरोबर अक्षर बसवतं, विणताना चुकलेला टाका आपण तिथल्या तिथे उसवतो ना तसंच. काही अडत नाही, कारण पुढचं अक्षर आपली एनर्जी घेऊनच येणार असतं.

उलट्या दिशेने चाललं असतं तर तीन फॉस्फेट वाढत्या धाग्याच्या टोकावर असते, चुकीचं अक्षर कापलं की तेही गेले, मग पुढची जोडणी कशाच्या जोरावर करायची? काम तिथेच ठप्प. चूक दुरुस्त करता यावी म्हणून एकच दिशा, असंच बायोकेमिस्ट्रीवाले सांगतात आणि मला ते मनापासून पटतं.

पण डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने असतात, मग एका धाग्यावर तुकड्यांचा खटाटोप आलाच. हेलिकेज हे एन्झाइम दोन धागे सुटे करत जातं, तसं प्रायमेज हे दुसरं एन्झाइम परत परत आरएनएचा छोटा प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारा तुकडा, टाकतं, पॉलिमरेज तिथून तुकडा बनवतं, नंतर प्रायमर काढून जागा डीएनएने भरली जाते आणि उरलेली फट लायगेज हे एन्झाइम सांधतं. बॅक्टेरियात एक तुकडा १००० ते २००० न्यूक्लिओटाइडचा, आपल्यात १०० ते २०० चा.

हे तुकडे १९६० च्या दशकात जपानमध्ये नागोया विद्यापीठात सापडले, रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या नवराबायकोला. पुस्तकात ‘ओकाझाकी तुकडे’ असं नुसतं आडनाव येतं याचं मला वाईट वाटतं. रेइजी मूळचे हिरोशिमाचे, १९७५ मध्ये ल्युकेमियाने गेले, वय फक्त ४४. त्सुनेकोबाईंनी काम सोडलं नाही, आरएनए प्रायमरवरचं संशोधन त्यांनी पुढे नेलं.

आणि एवढे तुकडे जोडायचे म्हणून वेग कमी नाही हां, ई. कोलाय या बॅक्टेरियात सेकंदाला साधारण १००० अक्षरं बसतात. वहीत दोन्ही दिशांची चित्रं काढ, फॉस्फेट लाल पेनने दाखव, मग टोकाचं एक अक्षर खोडून बघ काय शिल्लक राहतं ते.