आधी रोप उपटा, मग फोटो पाठवा

या महिन्याच्या पत्रांबरोबर पानांच्या फोटोंचा ढीग आला आहे. पिवळी पाने, वळलेली पाने, ठिपक्यांची पाने. एकाने पान तळहातावर धरून मागे नवा ट्रॅक्टर दिसेल असाही फोटो काढला आहे. मुळाचा फोटो मात्र एकही नाही. मागच्या वेळी हेच लिहिले होते, त्याच्या आधीही. रोपवाटिका आणि पॉलिहाऊसमधली बरीचशी भानगड मातीत असते आणि आपण वर फवारत बसतो. असो, प्रश्न घेऊ.

98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये टोमॅटोची उगवण छान झाली. दोन पाने आल्यावर कडा करपल्या, वाढ थांबली. कोकोपीटच्या विटा यंदा नव्या ठिकाणाहून आणल्या, स्वस्त मिळाल्या. कोणते टॉनिक द्यावे?

टॉनिक नको. "स्वस्त मिळाल्या" यातच बहुधा उत्तर आहे. नारळाची सोडणे मचूळ पाण्यात कुजवलेली असली की त्या भुशात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर उरते. वीट फुगवली, ट्रे भरले, बी टाकले. मधली धुण्याची पायरी तुम्ही गाळली असावी, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. भिजलेले कोकोपीट मूठभर घ्या, पिळा आणि निघालेल्या पाण्यात ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारे यंत्र, बुडवा. आकडा 1 च्या वर असेल तर ते रोपांना वापरू नका, 0.5 च्या आसपास येईपर्यंत गोड्या पाण्याने धूत राहा. नुसत्या पाण्याने क्लोराइड निघून जाते, सोडियम भुशाला चिकटून राहते. ते सोडवायला कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून पुन्हा धुवावे लागते. किती नायट्रेट, हे तुमच्या बोअरच्या पाण्यावर ठरते. पाण्याचा अहवाल घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. पाणीच खारट असेल तर कोकोपीटला शिव्या घालून उपयोग नाही.

मिरचीची रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. सकाळी एक गोल टापू, दुसऱ्या दिवशी तो दुप्पट.

ही रोपमर. पाणी कमी करा, संध्याकाळचे पाणी बंद करा, आडव्या पडलेल्या टापूसह भोवतालचे दोन-तीन कप्पेही काढून टाका. दुकानात मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाचे मिश्रण हातात देतील. रोग पिथियम या बुरशीचा असेल तर ते लागू पडेल, रायझोक्टोनिया या बुरशीचा असेल तर मेटॅलॅक्झिलचा काही उपयोग नाही आणि नुसते बघून हे दोन्ही ओळखता येत नाहीत. म्हणून आडवी पडलेली दहा रोपे ओल्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी रोगशास्त्रज्ञाला दाखवा. ट्रे मागच्या हंगामाचे असतील आणि न धुता वापरले असतील तर ते पत्रात लिहायला हवे होते.

चिकट सापळे पिवळे लावावेत की निळे?

दोन्ही. पिवळे पांढरी माशी आणि माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी. शेंड्याच्या किंचित वर टांगा आणि रोज मोजा. मोजणार नसाल तर लावू नका.

जरबेऱ्यावर लाल कोळी फार आहे. दुकानदार म्हणतो, डायकोफॉल जुने पण खात्रीचे, त्याच्याकडे शिल्लक आहे.

त्याच्याकडे ते शिल्लक असायलाच नको. केंद्र सरकारने 2023 मध्ये डायकोफॉलवर बंदी घातली. डिनोकॅप आणि मेथोमिलही त्याच आदेशात गेले. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांच्या जोरावर तो जुना माल खपवतो आहे.

कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा प्राणी आहे. साधी कीटकनाशके त्याला फारशी बाधत नाहीत. उलट पायरेथ्रॉइड गटातली काही कीटकनाशके फवारली की त्याला खाणारे मित्रकोळी मरतात आणि हा दुपटीने वाढतो. उष्ण, कोरड्या कडेला, दाराजवळ तो आधी दिसतो. तिथली खालची पाने भिंगाने पाहा, जाळी धरलेली पाने पिशवीत बंद करून बाहेर न्या. औषध कोळीनाशकच हवे, जरबेऱ्यासाठी शिफारस असलेले आणि दर वेळी वेगळ्या गटातले. चिठ्ठी कृषी विद्यापीठाच्या किंवा विज्ञान केंद्राच्या माणसाकडून घ्या, दुकानदाराकडून नव्हे. दुसरा एक माल सध्या फिरतोय: "शंभर टक्के जैविक", हिरव्या कागदाची बाटली, एका रात्रीत कोळी साफ. एका रात्रीत साफ होत असेल तर आत काय आहे, याची मला शंका येते. नोंदणी क्रमांक नसलेली बाटली पॉलिहाऊसच्या दारातूनच परत करा.

20 गुंठ्यांचे पॉलिहाऊस, ढोबळी मिरचीचे तिसरे पीक. दुपारी झाडे मान टाकतात, संध्याकाळी सावरतात. तीन सल्लागार येऊन गेले. पहिल्याने फेरस (लोह) आणि मॅग्नेशियम सांगितले, दुसऱ्याने ह्युमिक अ‍ॅसिड, तिसऱ्याने बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणे. खर्च झाला, फरक नाही.

तीन सल्लागार आले आणि एकानेही झाड उपटले नाही? तुम्हीही नाही? मग आज उपटा. हिसका मारून नव्हे, बारीक मुळे तुटून मातीतच राहतात. खुरप्याने भोवतालची माती सैल करा, झाड मातीसकट उचला आणि बादलीभर पाण्यात सोडा. दहा मिनिटांनी हलकेच वर काढा. मुळे गुळगुळीत, पांढरी असतील तर मी चुकले. पण मणी ओवल्यासारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, ज्यांना तुम्ही सगळे निमॅटोड म्हणता. काकडीवर तर या गाठी इतक्या माजतात की मूळ आल्याच्या कुडीसारखे दिसते. घेवडा लावणाऱ्यांनी घाबरू नये, त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतातच. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने टिचकी मारली की सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सुटत नाही.

आत काय चालते ते नीट समजून घ्या, म्हणजे ह्युमिकने फरक का पडला नाही ते कळेल. डोळ्यांना न दिसणारी अळी मुळाच्या टोकातून आत शिरते आणि एका जागी बसते. तिच्या तोंडापाशी झाडाच्या पेशी फुगून मोठ्या होतात. झाडाने पानांसाठी, फळांसाठी केलेले अन्न तिथे वळते. पाणी वर नेणाऱ्या नळ्या वेड्यावाकड्या होतात, म्हणून दुपारी मान पडते. तुम्ही वर फेरस ओतता, पण ते उचलायला धड मूळ कुठे आहे? एक मादी साधारण तीनशे ते पाचशे अंडी घालते आणि उबदार मातीत 25 ते 30 दिवसांत पुढची पिढी तयार होते. दहा महिने उभ्या राहणाऱ्या ढोबळीत आठ-नऊ पिढ्या सहज होतात. उघड्या शेतात उन्हाळ्यात जमीन तापते, कोरडी पडते, थोडी मोडते तरी. पॉलिहाऊसमध्ये आपण ठिबकने बारा महिने ओल राखतो, म्हणजे त्यांना सासुरवाडीच मिळते.

आता हे आले कुठून? बेड भरायला लाल माती ट्रकने आणली असेल. कोणाच्या रानातली? तिथे आधी वांगी, भेंडी, टोमॅटो होते का? हा प्रश्न विचारणारा शेतकरी मला इतक्या वर्षांत क्वचितच भेटला. मातीचा रंग बघतात, ट्रकचा भाव बघतात, झाले. दुसरी वाट म्हणजे रोपे. ट्रेमध्ये कोकोपीट असले तरी ट्रे थेट जमिनीवर मांडले की मुळे खालच्या भोकातून मातीत उतरतात आणि सूत्रकृमी घेऊन वर येतात. ट्रे मांडणीवर किंवा चटईवर नसतील तर त्या रोपवाटिकेतून रोपे घेऊ नका, रोपे कितीही हिरवीगार असोत. तिसरी वाट दुसऱ्याच्या शेतातून आलेला रोटाव्हेटर आणि चौथी तुमचे बूट.

फॉर्मेलिनने बेड निर्जंतुक केले होते, असे आता कोणीतरी लिहील. ते केलेले मी पाहिले आहे. तोंडाला ओला रुमाल बांधून, डोळ्यांतून पाणी गाळत. त्या वाफेने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. बुरशी मरते, वरच्या थरातले सूत्रकृमीही मरतात, पण खोल राहिलेले आणि जुन्या मुळांच्या गाठीत दडलेले वाचतात व पुन्हा भरतात. तज्ज्ञ समोर उभा असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

उभ्या पिकात हे बरे होत नाही, ताब्यात ठेवता येते. निंबोळी पेंड, पर्प्युरिओसिलियम आणि ट्रायकोडर्मा या बुरशी यांची मदत होते, पण त्यांचे खरे काम लागवडीच्या आधी. रासायनिक औषध आहे, पण तुम्ही दर थोड्या दिवसांनी तोडा करता. शेवटच्या आळवणीपासून तोड्यापर्यंत किती दिवस थांबायचे हे लेबलवर पाहिल्याशिवाय आणि विज्ञान केंद्राला विचारल्याशिवाय एक थेंबही सोडू नका. पीक संपल्यावर झाडे मुळांसकट काढून जाळा, बांधावर टाकू नका. मग एप्रिल-मे रिकामा ठेवा. बेड भुसभुशीत करा, भिजवा आणि पातळ पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटेल असे अंथरून कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवडे. काळे मल्चिंग चालणार नाही, त्यातून ऊन मातीत उतरत नाही. पॉलिहाऊसचे पडदेही बंद ठेवा. दोन महिन्यांचे उत्पन्न बुडते म्हणून कोणी हे करत नाही आणि पुढचे दहा महिने सल्लागारांना पोसतात.

मात्र दुपारी मान टाकली म्हणजे सूत्रकृमीच, असे ठरवू नका. जिवाणूजन्य मरही अशीच सुरू होते. खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. दुधासारखी धार उतरली तर गोष्ट वेगळी आणि त्याच दिवशी फोन करा. दोन्ही एकत्रही येतात, कारण सूत्रकृमीने केलेल्या जखमेतून जिवाणू आत जातो.

तपासणीसाठी मुळांजवळची 15 ते 20 सेंटिमीटर खोलीची माती दहा-बारा ठिकाणांहून घ्या, एकत्र करा, त्यातली अर्धा किलो बारीक मुळांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. खताच्या तपासणीसारखी उन्हात वाळवू नका, मेलेले सूत्रकृमी मोजता येत नाहीत. गाडीच्या डिकीतही ठेवू नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम करणारे केंद्र आहे. पिशवीवर "सूत्रकृमी" असे ठळक लिहा, नाहीतर नत्र-स्फुरद-पालाश मोजून अहवाल येईल.

पॉलिहाऊसच्या चार कोपऱ्यांत झेंडू लावला की निमॅटोड पळतात, असे व्हिडिओत पाहिले.

पळतात कुठे? शेजाऱ्याकडे? झेंडूच्या मुळांत सूत्रकृमीला मारक द्रव्य असते हे खरे. पण ते त्याच्या मुळांच्या आसपासच काम करते. संपूर्ण बेडवर दाट झेंडू दोन-तीन महिने ठेवला तर फरक पडतो. कोपऱ्यातला झेंडू दसऱ्याला तोरणाला येईल.

टोमॅटोच्या फळांवर पिवळे-लाल पट्टे आहेत. रोपवाटिकेने व्हायरसची रोपे दिली, भरपाई मागू का? आणि ही फळे खाल्ली तर चालतात का?

2020 च्या उन्हाळ्यातही हाच गोंधळ झाला होता. टोमॅटोचा विषाणू माणसालाच होतो अशी आवई उठली आणि बाजार बसला. वनस्पतीचा विषाणू माणसाला होत नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत तेव्हा प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. तो मावा पसरवतो. मावा सोंड खुपसून काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि तितक्याच वेळात पुढच्या झाडाला देतो. कीटकनाशक त्याला मारेपर्यंत काम झालेले असते. त्यामुळे लागण रोपवाटिकेत झाली की तुमच्या रानात, हे फळ बघून सांगता येत नाही. भरपाईचे बोलण्याआधी नमुना तपासा आणि रोपांचे बिल सापडते का ते बघा. पुढच्या वेळी रोपे घ्यायला जाल तेव्हा तिथल्या जाळीचे दार बघा. दुहेरी दार नसेल, किंवा असून दोन्ही सताड उघडी असतील, तर जाळी किती मेशची हे विचारण्यात अर्थ नाही.

पॉलिहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद तीन वर्षे टिकेल म्हणाले, दीड वर्षात फाटला.

गंधकाची धुरी किंवा फवारणी फार केलीत का? गंधक आणि क्लोरीन कागदातले अतिनील-रोधक खातात. पाइपला घासणाऱ्या जागाही बघा. हमीपत्र लेखी असेल तर विक्रेत्याकडे जा, तोंडी असेल तर सोडून द्या.

तैवान पिंक पेरूची 800 कलमे घ्यायची आहेत. परवानाधारक रोपवाटिका असली म्हणजे पुरे ना?

नाही. फळरोपवाटिकांचा राज्याचा कायदा 1969 चा आहे, परवाना हवाच, बिल हवेच. पण परवाना मुळे बघत नाही. तामिळनाडूत पेरूवर मेलॉयडोगायनी एंटरोलोबी नावाचा सूत्रकृमी सापडला आहे. टोमॅटोच्या प्रतिकारक वाणांतला जनुकही त्याच्यापुढे टिकत नाही. तो एका गावातून दुसऱ्या गावात जातो तो कलमाच्या पिशवीतल्या मातीतून. पैसे देण्याआधी वेगवेगळ्या रांगांतली पाच-सहा कलमे स्वतः निवडा, त्यांचे पैसे वेगळे द्या, तिथेच पिशवी फाडून मुळे धुऊन बघा. मालक कुरकुरला तर गाडी रिकामी परत आणा. एकाही मुळावर गाठ दिसली तर बाकीची कलमे फुकट दिली तरी नकोत. फळझाड एकदा लावले की बेड रिकामा करून ऊन देण्याची सोय राहत नाही.

जरबेऱ्याची रोपे पुढच्या सोमवारी येत आहेत. लाल माती परवाच पडली. तपासणीला वेळ नाही, बेडमध्ये टाकायला एखादे खात्रीचे औषध सांगा.

मातीतून अळ्या वेगळ्या व्हायला प्रयोगशाळेत एक-दोन दिवस लागतात. रोपे पुरवणाऱ्याला आजच फोन करा आणि सोमवार पुढे ढकला.