ख्रिश्चन कॉलेज प्रेप शाळा धर्मासाठी की कॉलेजसाठी? शिकागोच्या क्रिस्तो रेवरून सांगतो

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या ख्रिश्चन कॉलेज प्रेप शाळा (म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणारी हायस्कूलं) धर्म शिकवायला काढतात की पोरं कॉलेजला पाठवायला, आणि एवढी फी असून त्या वाढतात कशा. मी एकाच शाळेवरून सांगतो, शिकागोची क्रिस्तो रे जेझुइट हायस्कूल (जेझुइट म्हणजे कॅथलिक फादरांचा एक संघ), कारण तिथली चार मुलं आमच्या ऑफिसात कामाला यायची.

हो, कामाला. नववीतली, चौदा वर्षांची पोरं.

शाळा 1996 ला पिल्सन भागात सुरू झाली. पिल्सन म्हणजे पूर्वी चेक लोकांची वस्ती, नंतर मेक्सिकोहून आलेली कुटुंबं, हातावर पोट असलेली. जेझुइट फादरांनी आधी तिथल्या लोकांनाच विचारलं की तुम्हाला काय पाहिजे, लोक म्हणाले पोरांसाठी चांगली शाळा पाहिजे. पण पैसे आणायचे कुठून, कारण प्रायव्हेट शाळेची फी त्या आईबापांना झेपणारीच नव्हती. फादर जॉन फोली बरीच वर्षं पेरूमध्ये होते, त्यांना बोलावून घेतलं, आणि एका सल्लागाराने सुचवलं की मुलांनाच नोकरीला लावा. एक नोकरी चौघांनी वाटून घ्यायची, प्रत्येकाने महिन्यातले पाच दिवस जायचं, कंपनी जे पैसे देईल ते थेट शाळेला, त्यातून खर्चाचा मोठा वाटा निघतो, बाकी देणग्या आणि घरून जमेल तेवढं. कामाच्या दिवसांमुळे अभ्यास मागे पडू नये म्हणून शाळेचे तास जास्त.

आमच्याकडे अकाउंट्समध्ये त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर. मंगळवारची मुलगी वेगळी, बुधवारचा मुलगा वेगळा, असं शुक्रवारपर्यंत, आणि सोमवार आळीपाळीने. पहिल्या दिवशी बुधवारचा आला तो टाय घालून, गाठ एका बाजूला गेलेली, हात पुढे केला, डोळ्यात बघून नाव सांगितलं (शाळा सुरू व्हायच्या आधी उन्हाळ्यात याचं ट्रेनिंग देतात), पण हात बर्फासारखा गार. बिलं स्कॅन करून व्हेंडरप्रमाणे लावायचं काम होतं. संध्याकाळी निघताना त्याने मॉनिटरला पिवळी चिठ्ठी लावली, तिसऱ्या खोक्यातलं एमपर्यंत झालंय, दोन बिलं डबल वाटतायत ती बाजूला ठेवलीत. दुसऱ्या दिवशीच्याने बरोब्बर तिथून पुढे धरलं, आणि ती बिलं खरंच डबल होती, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. धर्म आहेच, क्रिस्तो रे म्हणजे स्पॅनिशमध्ये ख्रिस्तराजा, धर्माचे तास होतात, प्रार्थना होते, पण कॅथलिक नसलेली मुलंही घेतात. जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी 1973 ला मांडलं होतं की आपल्या शाळांतून दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं निघाली पाहिजेत. मला त्याचा अर्थ इथल्या प्रवेशाच्या नियमात दिसला, ही शाळा फक्त कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे, ज्याला पूर्ण फी परवडते त्याने दुसरीकडे जावं. आणि काम, जे सुरुवातीला निव्वळ पैशासाठी आणलं होतं, तेच शिक्षण होऊन बसलं, कारण ज्या पोराच्या घरात कुणी कॉलेज बघितलेलं नाही तो आठवड्यातून एकदा कॉलेज केलेल्या माणसांच्या शेजारी बसतो, त्यांचे फोन ऐकतो, मग कॉलेज ही परक्यांची गोष्ट राहत नाही.

मी साताऱ्याकडचा, रयतच्या शाळेत शिकलेला, माझे वडील 'कमवा आणि शिका'मधून ग्रॅज्युएट झाले, संस्थेच्या शेतात दारं धरून. त्यामुळे हे सगळं बघताना मला कर्मवीर अण्णाच आठवायचे, त्यांनी 1919 लाच हा रस्ता धरला होता.

वाढीचं म्हणाल तर 2001 पासून एका गुंतवणूकदार दांपत्याच्या पैशातून दुसऱ्या शहरांत तशाच शाळा निघाल्या, पोर्टलँड, लॉस एंजेलिस, डेन्व्हर, आता जवळपास चाळीस आहेत. पण नवीन शाळा काढण्याआधी गावात पुरेशा कंपन्या काम देतील का ते तपासावंच लागतं. ओमाहाची शाळा 2007 ला निघाली, लगेच मंदी आली, 2011 ला बंद पडली. म्हणजे बाजार बसला की शाळा बसते, हा या पद्धतीतला खरा धोका आहे, आणि तो देणग्यांनी पूर्ण भरून निघत नाही.

काही लोक म्हणतात श्रीमंतांच्या पोरांना फुकट बालपण आणि गरिबाच्या पोराने फीसाठी राबायचं, हे बरोबर नाही. मलाही ते टोचतं, खरंच टोचतं. मी मंगळवारच्या मुलीला एकदा सरळ विचारलं होतं, तर ती म्हणाली माझे बाबा रात्री ऑफिसं साफ करतात, याच रस्त्यावरची, मी दिवसा येते. ती चारही वर्षं आमच्याकडेच आली आणि पुढे अकाउंटिंगलाच गेली. जाताना तिने नववीतल्या नव्या मुलीसाठी मॉनिटरला चिठ्ठी लावून ठेवली होती, स्कॅनर अडकला तर डावीकडून उघड.