साधं की पॉवर? प्रीमियम पेट्रोलबद्दल तुमचे प्रश्न

प्र. वॅगनआर आहे, रोज इंदिरानगर ते सातपूर. पंपावरचा पोरगा दरवेळी "साधं की पॉवर?" विचारतो. पॉवरने अ‍ॅव्हरेज वाढतं का?

उ. नाही वाढत. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हेच, सिलेंडरमध्ये दाब पडल्यावर प्लगच्या ठिणगीची ज्वाळा पोहोचण्याआधीच पेट्रोल आपोआप पेटू नये, त्याची ती क्षमता. नावातच 'पॉवर' घातलंय त्यामुळे सगळा घोळ. तुमच्या इंजिनाला साधं पुरतं, जास्तीच्या ऑक्टेनचं ते काही करूच शकत नाही. समजा साधं १०४ आणि प्रीमियम ११२ रुपये, तर पैसे वसूल व्हायला १५ चं अ‍ॅव्हरेज १६ च्या वर जायला हवं, आणि ते काही जात नाही. त्यापेक्षा टायरमधली हवा बघा.

प्र. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलंय, १०० ऑक्टेनवाला टाकू का?

उ. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. पण त्याचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्यामुळे सरकारी माहितीनुसार साधं पेट्रोलच आता ९१ वरून ९५ वर गेलंय. मग पंपावर ९५ च्या प्रीमियमसाठी वेगळे पैसे कशाचे, तर मुख्यतः इंजिन साफ ठेवणाऱ्या अ‍ॅडिटिव्हचे. १०० वाला तर लिटरला दीडशेच्या पुढे, त्यातून अ‍ॅव्हरेजची भरपाई होत नाही.

प्र. माझी टर्बो इंजिनाची गाडी आहे, तिला साधं चालेल?

उ. टाकीच्या झाकणामागचा स्टिकर वाचा. ९१ लिहिलंय तर साधं. ९५ किंवा ९७ लिहिलंय तर तेवढं टाकाच, नाहीतर पेट्रोल आपोआप पेटल्याचे ठोके (नॉकिंग) ओळखणाऱ्या नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि पिकअप मरतो.

प्र. जुनी गाडी, कसारा घाट चढताना इंजिनातून टकटक येते.

उ. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज असेल तर तेच नॉकिंग. आधी सवय बघा, चढावर चौथ्यात रेटत नेता का? तिसरा टाका, बऱ्याचदा आवाज तिथंच बंद होतो. नसेल तर मेकॅनिककडे प्लग काढून बघायला सांगा, कूलंट बघा. जुन्या इंजिनात पिस्टनवर कार्बन बसतो, जागा कमी होऊन दाब वाढतो, तो कार्बन तापून लालही होतो. असं असेल तर प्रीमियमने आवाज दबतो, पण कार्बन साफ करणं स्वस्त पडेल. आवाज तसाच ठेवून घाट मारत राहू नका, पिस्टनचं नुकसान होतं आणि तो खर्च मोठा.

प्र. अर्धी टाकी साधं, वरून प्रीमियम चालेल?

उ. चालेल. मधला ऑक्टेन मिळेल, गाडीला काही होत नाही, डिझेल तेवढं पडू देऊ नका.